तळावरचा हरवलेला आकडा

वाचकांचे प्रश्न : जुन्या वस्तू

प्रश्न : अमेरिकेतल्या पुतण्याने नाताळची भेट म्हणून जुना झिप्पो लायटर दिला. दुसऱ्या महायुद्धातला, असं त्याचं म्हणणं. अंगावर काळा, खरखरीत रंग, कडेला उडालेला. पण तळावर पेटंट क्रमांक २०३६९५ आहे आणि खरा क्रमांक २०३२६९५ असल्याचं वाचलं. पोराला कुणी गंडवलं का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : उलट, तो गळलेला २ तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे. १९३६ साली मिळालेलं मूळ पेटंट २०३२६९५ हेच, पण युद्धकाळात ठशातून एक आकडा सुटला आणि हजारो लायटर त्याच चुकीसकट सैन्याकडे गेले. झिप्पो कंपनीने तेव्हा नागरी विक्री थांबवून सगळा माल अमेरिकी सैन्याला दिला. पितळ दारूगोळ्याकडे वळलं होतं, म्हणून कवच पोलादाचं केलं आणि गंजू नये म्हणून वर काळा रंग भाजून काढला. भाजताना तो आक्रसतो, त्यातून ती खरखर येते.

अर्थात एका खुणेवर निकाल देऊ नये. आधी लोहचुंबक लावा, चिकटलं पाहिजे. मात्र कोरियन युद्धाच्या वेळीही पितळ टंचाई झाली आणि पुन्हा पोलादी कवचं निघाली, त्यामुळे नुसतं चुंबक पुरत नाही. १९५० च्या दशकातल्या बऱ्याच लायटरवर २५१७१९१ हा दुसरा पेटंट क्रमांक असतो, तो दिसला तर महायुद्धाचा प्रश्न मिटला. मग बिजागरीच्या नळ्या मोजा : युद्धकाळात तीन किंवा चार, आजच्या लायटरला पाच. आतला भाग बाहेर ओढून वातीभोवतीच्या चिमणीची भोकं मोजा, दोन्ही बाजूंची मिळून १४ हवीत. युद्धानंतर ती १६ झाली. ठिणगीच्या चाकावरच्या रेषा आडव्या, सरळ असाव्यात, एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या नकोत. तळावर ए ते एलपैकी एखादं अक्षर आणि साल दिसलं, तर ती कंपनीनेच नंतर काढलेली प्रतिकृती किंवा आधुनिक लायटर समजा. १९८६ पासून महिना असाच लिहिला जातो.

आतला भाग आणि कवच वेगवेगळ्या काळातले असणं मात्र नेहमीचं. सैनिकाने आतला भाग बदलून घेतला असेल तर तो खोटेपणा नव्हे, पण किंमत उतरते. कवचावर नाव किंवा गावं कोरलेली असतील तर भिंगातून पाहा. जुन्या रेघेच्या तळाशी गंज किंवा काळपट मळ बसलेला असतो आणि कडा झिजून गोल झालेल्या असतात. रेघ आतून चकचकीत असेल तर कोरणारा बहुधा अजून हयात आहे.

एकच विनंती. दिवाळीत तांब्या-पितळेची भांडी घासतो तसा पितांबरीचा हात यावर फिरवू नका. उरलेला काळा रंग हीच त्याची अस्सल कातडी आहे.

प्रश्न : त्याच लायटरचं चाक जाम आहे. जोर लावावा का?
– तोच वाचक

उत्तर : अजिबात नको. चाक जाम होण्याचं कारण बहुतेक वेळा चाकाखालच्या नळीत असतं. तिथला चकमकीचा खडा फेरोसेरियमचा, म्हणजे सेरियमसारख्या धातूंचा आणि लोखंडाचा. वर्षानुवर्षं दमट हवा लागली की तो फुगून भुगा होतो आणि नळीत सिमेंटसारखा बसतो.

आतला भाग कवचातून ओढून काढा. तळाशी नमद्याजवळ (जाड लोकरी चकतीजवळ) स्क्रू दिसतो. स्लॉट पूर्ण भरेल असाच पेचकस घ्या, नाहीतर डोकं सोलून निघेल. हलत नसेल तर पातळ तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवा. स्क्रू निघाला की त्याला जोडलेली स्प्रिंगही बाहेर येते. आता नमदा उचलून चिमट्याने कापूस आणि वात काढा. फेकू नका, कागदात गुंडाळून ठेवा, तोही मूळ माल आहे. रिकामा भाग खिडकीशी दिवसभर वाळवा, कारण भुग्यातून ठिणगी उडू शकते आणि कापसात जुनं फ्लुइड (लायटरचं इंधन) असलं तर भडका होईल.

वाळल्यावर २ मिलिमीटरचं ड्रिल बिट बोटांनीच फिरवत स्प्रिंगच्या बाजूने आत सारा. मशीन लावू नका आणि हातोड्याने खिळाही ठोकू नका. पितळी नळी फाटली तर त्या आकाराची मिळत नाही. दर दोन-तीन वळशांनी बिट काढून भुगा झटका. शेवटी चाकाचे दाते जुन्या टूथब्रशने घासा. नवा खडा आजच्या झिप्पोचाच चालतो.

पुन्हा भरताना कापसाचे पाच-सहा सैल गोळे करा आणि वात त्यांच्यामधून नागमोडी न्या. दाबून कोंबलं तर फ्लुइड वर चढत नाही आणि ज्योत टिचभरही उठत नाही. वात चिमणीच्या कडेइतकीच ठेवा. वर आली तर काजळी धरते.

प्रश्न : लायटर फ्लुइड जवळपास मिळालं नाही. पेट्रोल चालेल? सैनिक तेच वापरत, असं ऐकतो.
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : वापरत, पण नाइलाजाने. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि पोलादी कवच आतून गंजतं. वासही खिसाभर पसरतो. रॉकेल तर ठिणगीवर पेटतच नाही नीट. ठाण्यात पान-सिगारेटच्या मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन नाफ्त्याचं फ्लुइड मागवा. परदेशी नातेवाइकाला डबा आणायला सांगू नका, विमानात तो कुठल्याच बॅगेत चालत नाही.

कापूस पिईल तेवढंच भरा, फ्लुइड वर दिसू लागलं की थांबा. उलटा धरून पुसा, हात धुवा आणि दोन मिनिटांनी पेटवा. भरल्या-भरल्या पँटच्या खिशात ठेवलेल्या लायटरने मांडीला भाजल्यासारखे चट्टे उठतात. आग लागलेली नसते, पाझरलेलं फ्लुइड कातडीला लागलेलं असतं.

प्रश्न : जुना लायटर वापरायचा नाही, शोकेसमध्येच ठेवायचाय. ऐरोलीत खाडीची हवा, पावसाळ्यात स्टीलच्या खिळ्यालाही डाग पडतात.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : मग फ्लुइड भरूच नका. खडा काढून वेगळा ठेवा, म्हणजे पुढच्या पिढीला ड्रिल बिट शोधावं लागणार नाही. उघड्या पोलादावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात सुती फडक्याने अगदी पुसट द्या, काळ्या रंगाच्या खाचांत साचू देऊ नका. कातडी पाकीट किंवा पुठ्ठ्याची डबी ओल धरते. झाकण घट्ट बसणारी काचेची बरणी आणि तळाशी सिलिका जेलच्या दोन पुड्या, एवढं पुरे. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करा, पुन्हा निळे होतात. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला नजर टाका, त्यातही आधी तळ पाहा. गंज बहुतेक तिथूनच, त्या आकड्यांच्या खाचांतून सुरू होतो.