'बॉम्बे रेडिओ' म्हणजे आकाशवाणी नव्हे

परभणीच्या एका सदस्याने विचारलंय: जहाजावर नोकरीला असलेल्या काकांच्या ट्रंकेत घरून गेलेली तार सापडली, पत्त्यात 'बॉम्बे रेडिओ' आहे, हे आकाशवाणी केंद्र का? आणि ते बंद का पडलं?

आकाशवाणीशी काही संबंध नाही. जहाजांशी बोलणारं किनाऱ्यावरचं केंद्र ते, कॉलसाइन (रेडिओवरची ओळखीची अक्षरं) व्हीडब्ल्यूबी. मद्रासचं व्हीडब्ल्यूएम. घरच्यांनी पोस्टात माणसाचं नाव, जहाजाचं नाव आणि किनारी केंद्राचं नाव लिहून द्यायचं. तार मुंबईला पोचली की तिथून पुढे जहाजाकडे मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेषांच्या संकेतांत.

मी रेडिओ ऑफिसर होतो. जहाजावर आम्हाला 'मार्कोनीसाब' म्हणत (मराठवाड्याचा माणूस दर्यावर कसा, हेही विचारत). ठरलेल्या वेळी केंद्र ट्रॅफिक लिस्ट सोडायचं, म्हणजे ज्यांच्या तारा येऊन पडल्यात त्या जहाजांच्या कॉलसाइन. आपली आली की हाक द्यायची. गर्दी असली की उत्तर यायचं 'क्यूआरवाय' आणि पुढे आकडा: तुमचा नंबर अमुक, थांबा. मग कानाला हेडफोन लावून बसा.

रेडिओ रूमच्या घड्याळावर 15 ते 18 आणि 45 ते 48 या मिनिटांच्या पट्ट्या लाल असत. तेवढा वेळ 500 किलोहर्ट्झवर, म्हणजे मोर्समधल्या संकटाच्या हाकेच्या फ्रीक्वेन्सीवर, सगळ्यांनी गप्प राहून ऐकायचं. कुणाचा क्षीण एसओएस गोंगाटात बुडू नये म्हणून.

मोर्स जुनाट झालं म्हणून केंद्रं बुडाली, असं सर्रास सांगतात. मला ते अर्धंच पटतं. केंद्रांची कमाई शब्दामागे पैसे घेतलेल्या तारांची आणि फोनची होती. इनमारसॅट ही जहाजांसाठीची उपग्रह-संपर्क संस्था 1979 ला स्थापन झाली, जहाजं उपग्रहावरून बोलू लागली आणि गिऱ्हाईकच गेलं. संकटाच्या हाकेवर चोवीस तास कान ठेवण्याचे पैसे कुणी वेगळे देत नव्हतं. त्यात जीएमडीएसएस, म्हणजे जहाजांच्या संकटसंदेशांची नवी जागतिक यंत्रणा, 1992 पासून टप्प्याटप्प्याने आलं आणि 1 फेब्रुवारी 1999 ला पूर्ण लागू झालं. मोर्सची सक्ती संपली, आमची खुर्चीही गेली. ब्रिटनचं पोर्टिसहेड रेडिओसारखं बडं केंद्रसुद्धा 2000 मध्ये बंद झालं.

सगळंच मेलं नाही. व्हीएचएफचं (जवळच्या पल्ल्याच्या बोलण्याच्या रेडिओचं) संकटाच्या हाकेचं चॅनेल 16 आजही ऐकलं जातं, आणि 518 किलोहर्ट्झवर नॅव्हटेक्सने (जहाजांना लेखी सूचना पाठवणाऱ्या रेडिओ सेवेने) वादळाच्या सूचना छापून येतात.

त्या तारेचा फोटो टाका. वरच्या ओळीत मूळ ऑफिस, शब्दसंख्या, तारीख, वेळ असते, वाचून सांगतो.