पुण्यातलं लग्न आणि नातेवाइकांच्या भेटी

लग्नासाठी पहिल्यांदाच सहकुटुंब पुण्याला निघालायत, तर मुहूर्ताच्या सकाळी नका पोहोचू. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला हजर राहा. खरी भेटगाठ तेव्हाच होते. दुसऱ्या दिवशी शेवटचं मंगलाष्टक संपून अक्षता पडल्या की अर्धा मांडव पंगतीकडे वळतो, मग कोण कुणाला ओळखणार?

कार्यालयात येऊ न शकणाऱ्या आजी-आत्यांकडे मात्र आवर्जून जा. दुपारी एक ते चार टाळा, आधी फोन करा आणि जेवण कुठे, नुसता चहा कुठे हे तेव्हाच सांगून टाका. नाहीतर प्रत्येक घरी पोह्यांची बशी पुढे येते आणि नाही म्हटलं की त्यांना वाईट वाटतं. आत्या ओटी भरायला उठली तर घाई करू नका. तिला गुडघ्यांमुळे वेळ लागतो, पण तांदूळ, नारळ, खण तिने सकाळपासून ताटात काढून ठेवलेले असतात. जुना अल्बम मागा, मुलांना शेजारी बसवा. पणजोबांचं नाव त्यांना तिच्याच तोंडून कळू दे.

आहेराच्या पाकिटावर नावासोबत गावही लिहा. तुळशीबागेत जायचं तर गाडी नको, मेट्रोने मंडई स्थानकावर उतरा.