जागतिक पाणथळ दिन २ फेब्रुवारीलाच का, आणि त्याने खरंच काही होतं का?

दोन प्रश्न विचारलेत. तारखेचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे.

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमध्ये, कास्पियन समुद्राकाठच्या रामसर गावी, पाणथळ जागा राखण्याच्या कराराचा मसुदा सर्वांना मान्य झाला. सह्या दुसऱ्या दिवशी झाल्या, १८ देशांच्या. म्हणजे आपण पाळतो तो दिवस सह्यांचा नाही, एकमत झालं त्याचा आहे.

हे एकमत व्हायला बरीच वर्षं लागली. युरोपात दलदली बुजवून शेतं आणि वस्त्या होत होत्या, पाणपक्षी घटत चालले होते. स्थलांतर करणारं बदक वाटेत तीन-चार देशांत उतरतं. एकाने तळं राखलं आणि पुढच्याने बुजवलं, तर राखलेलंही वाया जातं. म्हणून १९६२ मध्ये फ्रान्सच्या कामार्ग भागात परिषद भरली. लुक हॉफमन यांच्यासारखी पक्ष्यांचा अभ्यास करणारी माणसं त्यामागे होती. तिथून रामसरपर्यंत आठ वर्षं वाटाघाटी चालल्या. करार अमलात यायला १९७५ चा डिसेंबर उजाडला, भारत त्यात १९८२ साली आला. दिवस पाळायला सुरुवात तर १९९७ मध्ये झाली, करारानंतर तब्बल २६ वर्षांनी! संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याला मान्यता दिली ऑगस्ट २०२१ मध्ये. आज १७० हून जास्त देश या करारात आहेत.

आता दुसरा प्रश्न. मी गोव्यातल्या कुडचडे भागात मराठी शाळेत शिकवते, म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरूनच सांगते.

आपल्या भाषेत ‘पाणथळ’ हा शब्दच मुळात तक्रारीचा आहे. ‘जमीन पाणथळ आहे’ असं शेतकरी म्हणतो, तेव्हा मुळं कुजतात, पीक हाती लागत नाही, असं त्याला सांगायचं असतं. अशा जागेला घरात, बाजारात, कचेरीत सगळीकडे पडीकच समजतात, आणि पडीक जागेत मातीची भर टाकताना कोणाचा हात कचरत नाही. आमच्या नंदा तळ्याकडेही लोक याच नजरेने बघायचे. तळं ४२ हेक्टरचं, जुवारी नदीला मिळणाऱ्या एका मोठ्या नाल्याच्या कडेला. पावसाळा सरला की तिथे पाणी साठवतात आणि त्यावर खालच्या अंगाला भात पिकतं. मासे मिळतात. अडई नावाची बदकं, कमळपक्षी, काळ्या डोक्याचे शराटी, टिटव्या, ब्राह्मणी घारी, सगळे तिथे दिसतात. गावाला हे सगळं माहीत होतं, फक्त त्याला कोणी मोठं मानत नव्हतं.

२०२२ मध्ये नंदा तळं रामसरच्या यादीत, म्हणजे या कराराखालच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. गोव्यातली ती पहिली जागा. यादीत नाव आलं की देशाचे २०१७ चे पाणथळ नियम त्या जागेला थेट लागू होतात: अतिक्रमण नाही, कचरा टाकायचा नाही, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायचं नाही. नियम मोडणारे मोडतातच, पण अडवणाऱ्याच्या हातात आता कागद असतो. हा कागद २ फेब्रुवारीच्या भाषणांनी मिळालेला नाही, तो करारामुळे मिळाला. दिवसामुळे एवढंच झालं की आमची मुलं तळ्यावर जायला लागली. आधी आम्ही शाळेतच तक्ते लावून, घोषणा म्हणून घेऊन कार्यक्रम उरकायचो. त्यातून कोणाच्या काही लक्षात राहिलं असेल असं मला वाटत नाही.

तळ्याच्या काठावर एका मुलाने विचारलं, “बाई, चोडणला माझ्या मामाचं खाजन आहे, तेही पाणथळच ना?”

मुलगा बरोबर होता. रामसरची व्याख्या फार मोकळी आहे: पाणी साचलेलं असो की वाहतं, गोडं असो की खारं, नैसर्गिक असो की माणसाने केलेलं, ओहोटीला सहा मीटरपेक्षा खोल नसलेला समुद्रसुद्धा तिच्यात येतो. खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल जमीन, तर या व्याख्येसाठीच केल्यासारखं आहे. नदीकाठी बांध, बांधात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारी झडप. भरतीच्या रेट्याने मानशीची लाकडी दारं आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. आत पावसाळ्यात खारेपणा सोसणारं कोरगुट भात, एरवी मासे आणि कोळंबी. विजेशिवाय शतकानुशतकं चाललेलं हे काम आहे. बांध फुटला की काय होतं ते खारं पाणी शेतात शिरलेल्या माणसालाच विचारा.

पण आपल्या २०१७ च्या नियमांनी भातशेती आणि मिठागरं ‘पाणथळ’ या व्याख्येतून वगळली आहेत. खाजनांना किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागतात, संरक्षण अगदीच नाही असं नाही. तरी जगाच्या करारात बसणारी गोष्ट आपल्याच पाणथळ नियमांत बसत नाही, हे मला खुपतं. त्या मुलाला मी हे जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे मामाचं शेत तिकडे पाणथळ आणि इकडे नाही?” मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

एक बरं आहे की ही तारीख गोव्याला जुळून येते. ५ जूनला, पर्यावरण दिनी, आम्ही झाडं लावतो, तेव्हा पाऊस तोंडावर असतो आणि मुलांना तळ्याकाठी उभं करता येत नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तळ्यात पाणी असतं, वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची शेतं हिरवी असतात, पाहुणे पक्षी परतलेले नसतात. तुम्ही येणार असाल तर सकाळी सातच्या आत पोहोचा, उन्हं चढली की अडई गवतात दिसेनाशा होतात. आमची मुलं वह्या घेऊन काठावर असतील. त्या मुलाने यंदा वहीत दोन रकाने केले आहेत, एक नंदा तळ्याचा आणि एक मामाच्या खाजनाचा.