एफडीला दुसरा हप्ता नसतो

प्रश्न: घरी जेवताना वापरायला 24 कापडी नॅपकिन हवे आहेत. सहांचा तयार संच 480 रुपयांना मिळतो, सुती कापड 140 रुपये मीटर आहे. स्वतः शिवले तर स्वस्त पडतील का? मशीन 9,600 रुपयांचे आहे, ते 12 हप्त्यांत घेईन. एकरकमी जमणार नाही, कारण गेल्या ऑक्टोबरात बँकेत केलेल्या एफडीचा 1 लाखाचा दुसरा हप्ता आता येईल. 5 वर्षे भरायचे, दहा वर्षे पूर्ण झाली की 7 लाख नक्की, शिवाय विमा फुकट. घरातले उत्पन्न महिना 62,000.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, आधी नॅपकिन उरकू. 44 इंची पन्ह्याचे कापड घ्या, सव्वासहा मीटर. कापायच्या आधी धुऊन वाळवा. सुती कापड आटते, आणि न धुता शिवलेला नॅपकिन पहिल्याच धुण्यात वाकडा होतो. आटून मीटरमागे 38 इंच उरतात, म्हणजे 19 इंची चार तुकडे. कात्रीने छोटा कट देऊन कापड फाडा, धागा सरळ राहतो. पाव इंच आणि मग अर्धा इंच अशी दुहेरी दुमड घातली की साडेसतरा इंची नॅपकिन तयार. कोपऱ्यात बरेच पदर जमून सुई अडते, तिथले टोक आधी तिरके कापा. पॉलिस्टर मिसळलेले कापड स्वस्त मिळते, पण पाणी शोषत नाही; दुकानातच बोट ओले करून बघा.

कापड 875, दोऱ्याची रिळे 50. नग पडला 40 रुपयांना, तयार 80 ला. 24 नगांत वाचले हजारेक रुपये. पण 9,600 चे मशीन वसूल व्हायला 240 नॅपकिन शिवावे लागतील. तेव्हा मशीन नको. कोपऱ्यावरच्या शिंप्याने नगाला 10 रुपये घेतले तरी 700 वाचतात. जुनी सिंगल चादर असेल तर तिचेच 12 तुकडे निघतात, फक्त मधला विरलेला भाग टाळा.

आता तुम्ही न विचारलेले. एफडीत पैसे एकदाच ठेवतात. दरवर्षी 1 लाख मागणारी, विमा ‘फुकट’ देणारी एफडी नसते, ती विमा पॉलिसी असते. घरातला कागद काढा. त्यावर प्रीमियम, विमाधारक, पॉलिसी क्रमांक हे शब्द असतील, तर बँकेच्या काउंटरवर तुम्हाला दुसरेच काही विकले गेले आहे. वर्षाच्या साडेसात लाखांतून दरवर्षी 1 लाख दहा वर्षांसाठी अडकवायला लावणाऱ्याने तुमचे घर पाहिलेले नाही, स्वतःचे टार्गेट पाहिले आहे.

‘5 भरा, 7 घ्या, 40 टक्के नफा’ हे ऐकायला गोड. वर्षाचा दर काढला तर जेमतेम सव्वाचार टक्के. हेच हप्ते साडेसहा टक्क्यांच्या खऱ्या एफडीत ठेवले, तर तितक्याच काळात 8 लाख 30 हजारांच्या आसपास होतात. फुकट विम्याची किंमत ही अशी मोजली जाते.

कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता आली असती, ती मुदत गेली. तरी दार पूर्ण बंद नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनुसार पॉलिसीचे पहिले वर्ष पूर्ण झाले आणि त्या वर्षाचा पूर्ण प्रीमियम भरलेला असला की सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मधेच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, मिळते. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: वर्ष भरल्यावर सरेंडर केले तर किती, आणि पुढे न भरता पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी किती. तोंडी आकड्यावर विसंबू नका.

पहिला लाख गेला की राहिला, यात अडकू नका. यापुढचे चार हप्ते पॉलिसीत भरले तर 7 लाख मिळतील. तेच एफडीत ठेवले तर साधारण 6 लाख 43 हजार. म्हणजे सरेंडर मूल्य 32-33 हजारांच्या वर असेल, तर बाहेर पडणेच बरे. 60 हजार मिळाले तर एकूण साडेसात लाखांच्या जवळ जाता. 32 हजारांहून कमी मिळत असेल तर मात्र पॉलिसी चालू ठेवा, रागाच्या भरात मोडू नका.

सोबत तक्रारही करा. ‘एफडी म्हणून विमा विकला’ असे विमा कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या, पॉलिसी देताना कंपनीने केलेल्या पडताळणीच्या फोनचे रेकॉर्डिंग मागा. तुम्हाला ‘सगळ्याला हो म्हणा’ असे शिकवले असेल, तर तेही लिहा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकून निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. नाशिकसाठी कार्यालय पुण्यात आहे, शुल्क नाही, वकील लागत नाही. निकाल तुमच्या बाजूने लागला तर पूर्ण लाखही परत मिळू शकतो, म्हणून सरेंडरच्या अर्जावर सही करण्याआधी ही तक्रार नोंदवा.

वार्षिक प्रीमियम भरायला ठरलेल्या तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते, तेवढा वेळ हातात आहे. पण खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी तुम्ही दिलेली असणार. ती बँकेत जाऊन याच आठवड्यात रद्द करा, नाहीतर हिशेब मांडून होण्याआधीच 1 लाख गेलेले असतील.