राउटर घ्यायच्या आधी पिंग कुठे अडकतंय ते बघ

तुझं म्हणणं थोडक्यात असं ना, वाकडला टू बीएचके, २०० एमबीपीएसचं फायबर, राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आणि तुझा पीसी आतल्या बेडरूममध्ये, रात्री तू व्हॅलोरंट खेळायला बसलास की दादा नेमका त्याच वेळी शंभर जीबीचा गेम नाहीतर टॉरेंट लावतो आणि तुझं पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, २०० मिलिसेकंदांच्या वर उडतं. आता आठ अँटेनावाला १८ हजारांचा 'गेमिंग' राउटर घ्यावा की आठ हजारांत भागेल? आठ हजारांत भागेल, वर पैसे उरतील. पण आज ऑर्डर करू नकोस रे, एक रात्र तपासणीत घाल, खरंच सांगते.

कारण आमच्या घरी हेच झालं होतं. धायरीला राहतो आम्ही, मुलगा रोज रात्री नऊ-सव्वानऊला ओरडायचा, अडकलं अडकलं म्हणून. कस्टमर केअरवाले प्रत्येक वेळी एकच सांगायचे, राउटर बदला. बदलला, चांगला १४ हजारांचा आणला, तरी नऊ वाजता तेच! शेवटी एका शनिवारी मी राउटरचं सेटिंगचं पान उघडून बसले, कुठलं उपकरण किती डेटा ढकलतंय ते बघत, आणि बरोबर नऊ-दहाला ह्यांच्या फोनचा अपलोड वर गेला. जेवण झालं की हे फोन चार्जिंगला लावायचे, आणि चार्जिंगला लागला की फोटोंचा बॅकअप सुरू. तेव्हाच्या आमच्या प्लॅनला अपलोड जेमतेम २० एमबीपीएस होतं, ते सगळं तिथेच भरून जायचं. बॅकअपची वेळ पहाटेची केली आणि ओरडा थांबला.

म्हणजे होतं काय, की व्हॅलोरंटसारख्या शूटर गेमला स्पीड लागतच नाही फारशी, १ एमबीपीएससुद्धा पुष्कळ होतो, त्याला लागतं ते वेळेवर पोचणं. दादाचं डाउनलोड लाइन पूर्ण भरतं, मग राउटर नाहीतर ऑपरेटरकडचं यंत्र जास्तीचे पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, रांगेत उभे करतं आणि तुझ्या गेमचं चिमुकलं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला लागतं. नवले पुलाच्या उतारावर ट्रकांची रांग लागली की मागे अडकलेल्या दुचाकीचं इंजिन कितीही दमदार असू दे, ती तिथेच. याला बफरब्लोट म्हणतात. अँटेना आठ असल्या काय नि बारा असल्या काय, या रांगेला त्याने काही फरक पडत नाही.

तर तपासायचं कसं. पीसीवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघड. एकीत पिंग, स्पेस, राउटरचा पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असेल, आणि शेवटी डॅश टी. दुसरीत तसंच, फक्त पत्ता ८.८.८.८, तो गूगलचा सर्व्हर. दोन्ही चालू ठेव आणि दादाला डाउनलोड लावायला सांग. राउटरचंच पिंग २-३ वरून ८०-१०० वर उड्या मारायला लागलं तर दोष घरातल्या वायफायचा. राउटरचं शांत आहे पण ८.८.८.८ चं दादाने सुरू केल्यावरच वाढतंय तर ती रांग. आणि डाउनलोड बंद असूनही रोज संध्याकाळी ८.८.८.८ चं उडत असेल तर भानगड ऑपरेटरकडे किंवा त्याच्याही पुढे आहे, तिथे १८ हजार घालून काहीही बदलणार नाही. शक्य असेल तर हीच टेस्ट एकदा राउटरला केबल जोडूनही कर, म्हणजे शंकाच राहत नाही.

आणि गेमचा सर्व्हर कुठला लागलाय तेही बघ हं. मुंबईचा असेल तर पुण्याहून पिंग दहा-पंधराच्या आसपास राहायला हवं. सिंगापूर लागला असेल तर ते जवळपास ४,००० किलोमीटर लांब आहे, फायबरमधून प्रकाशालाच जाऊन यायला ४० मिलिसेकंद लागतात, वर रस्त्यातली वळणं वेगळी, त्यावर कुठलाही राउटर उपाय करू शकत नाही.

वायफायचा दोष निघाला तर माझं उत्तर एकच, केबल टाक. तुझ्या बिल्डिंगमध्ये फोनवर नुसतं वायफाय स्कॅन कर, वीस-पंचवीस नावं सहज दिसतील, आणि २.४ गिगाहर्ट्झला एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, म्हणजे सगळे शेजारी त्या तिघांत दाटीवाटीने बसलेत. ५ गिगाहर्ट्झ मोकळं असतं, वेगवान असतं, पण आरसीसीच्या दोन भिंती मध्ये आल्या की त्याचा जीव जातो. हॉलपासून तुझ्या खोलीपर्यंत पंधरा मीटर धर, कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत गिगाबिट देते, कॅट ६ घेतलीस तर उत्तमच. बऱ्याच फ्लॅटमध्ये जुन्या टीव्ही केबलचा पाइप भिंतीतून बेडरूमपर्यंत गेलेला असतो, वायरमनला तो दाखव, तारेच्या स्प्रिंगने जुनी केबल ओढून त्याच पाइपातून नवी टाकतो, तोडफोड काही नाही. केबल तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिक बाजारातून घेणार असशील तर तुकडा मागून घे आणि आतल्या एका तारेवर ब्लेड घासून बघ. आतही लालसर निघाली तर अस्सल तांबं, पांढरट चमकली तर अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, ती घेऊ नकोस, वाकवताना तुटते आणि मग लाइन मध्येच १०० एमबीपीएसवर पडते.

केबल जमणारच नसेल तर निदान राउटर टीव्हीमागून काढ. पॅसेजमध्ये, उंचावर, उघड्यावर ठेव, लोखंडी शूरॅक नाहीतर आरशाच्या कपाटाशेजारी नको. पीसी ५ गिगाहर्ट्झला जोड, चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झच ठेव, १६० च्या मोहात पडू नकोस, तेवढा सलग मोकळा पट्टा सोसायटीत मिळणं अवघड. स्वस्त एक्स्टेंडर तर अजिबात घेऊ नकोस, एकाच रेडिओवर ऐकणार आणि पुन्हा बोलणार म्हणजे वेग निम्मा.

रांगेचा दोष असेल (तुझं वर्णन वाचून मला हाच वाटतोय) तर आधी फुकटचा उपाय. स्टीमच्या सेटिंगमध्ये डाउनलोडचा वेग बांधता येतो, टॉरेंटमध्येही येतो, दादाला १४०-१५० एमबीपीएसवर बांधायला सांग, आणि टॉरेंटचा अपलोड विसरू नका, तोच जास्त छळतो. नाहीतर सरळ रात्री दोनला लावू दे, २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट, शंभर जीबी सव्वा तासाच्या आत उतरतं, तू झोपलेला असतोस.

त्याने भागलं नाही, किंवा घरात रोज कुरबूर नको असेल, तर राउटर घे, पण असा ज्यात एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवायची सोय) आहे किंवा ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) टाकता येतं. एसक्यूएममध्ये केक किंवा एफक्यू-कोडेल ही पद्धत निवडायची आणि मर्यादा खऱ्या स्पीडच्या ९० टक्क्यांवर लावायची, म्हणजे तुझ्याकडे १८०. मग रांग ऑपरेटरकडे न लागता तुझ्या राउटरमध्ये लागते आणि तो गेमच्या पॅकेटला पुढे सोडतो. थोडी स्पीड जाते, जाऊ दे. हे काम राउटरच्या प्रोसेसरवर पडतं, म्हणून अगदी स्वस्तातला नको, आणि खोक्यावर नुसतं 'क्यूओएस' (कुणाला आधी सोडायचं ते ठरवायची सोय) लिहिलंय एवढ्यावर विसंबू नकोस.

खोक्यावरचे मोठे आकडे बेरजेचे असतात. एएक्स३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२, दोन्ही बँड मिळून, तुझ्या एका पीसीला तेवढं कधीच मिळणार नाही. त्यापेक्षा पोर्ट बघ. टीपी-लिंकचा आर्चर सी५० आणि आर्चर सी६, दोघांवर एसी१२०० च लिहिलेलं, पण सी५० चे पोर्ट १०० एमबीपीएसचे आणि सी६ चे गिगाबिट. १०० च्या पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर जात नाही, म्हणजे तुझा २०० चा प्लॅन अर्धा वाया! ऑपरेटरच्या ओएनटीलाही, म्हणजे फायबर घरात जिथे येते त्या डबीलाही, हेच लागू, काहींवर एकच पोर्ट गिगाबिट असतो, वायर त्यातच घाल. वायफाय ६ घे, ७ साठी आत्ता जास्तीचे पैसे घालू नकोस, तुझा पीसी केबलवर असणार.

नवा राउटर ओएनटीच्या मागे लावलास की ऑपरेटरकडून ओएनटी ब्रिज मोडला करून घे, म्हणजे ती नुसती लाइन पुढे देईल, नाहीतर डबल नॅट होतं, दोन यंत्रं एकामागे एक पत्ते बदलत बसतात, आणि गेममध्ये नॅट टाइप स्ट्रिक्ट दाखवतो, म्हणजे इतरांशी जोडणी अडते. तरीही स्ट्रिक्टच राहिला तर राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या लाइनकडचा पत्ता, बघ, तो १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल तर ऑपरेटरनेच सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांच्या सामायिक पत्त्यामागे, ठेवलंय, मग स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता, माग किंवा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) चालू करून घे. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये रात्र घालवू नकोस.

उरलेल्या पैशातून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घे, ओएनटी आणि राउटर दोन्ही त्यावर, घ्यायच्या आधी दोघांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचून जा. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा कामाला येतो. आणि दोन्ही खिडक्यांतले आकडे मला कळव, डाउनलोड चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळचे, मग मॉडेल नक्की करू.