साताऱ्याच्या काळ्या दगडात मासा शोधू नका

अजिंक्यताऱ्याचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, वय साधारण 6.6 कोटी वर्षं. ज्या कार्बोनिफेरस काळातल्या प्राण्यांचे जीवाश्म ओळखायला शिकायचे आहेत, तो 35.9 ते 29.9 कोटी वर्षांपूर्वीचा; म्हणजे हा दगड त्याच्या खूप नंतरचा. दगडावर नेच्यासारखी काळी नक्षी दिसली तर हुरळू नका, ते बहुधा मँगनीजचे डाग असतात.

त्यापेक्षा मासळी बाजारातून अख्खा रोहू आणा. खवला उजेडाकडे धरा: गोलसर, पातळ, वलयं स्पष्ट. पॅलिओनिस्कॉइड म्हणजे त्या काळातल्या प्राचीन माशांचा खवला शंकरपाळ्यासारखा चौकटी, जाड, मुलामा दिल्यागत चकचकीत. एकाची खुंटी शेजारच्याच्या खाचेत बसलेली. शेपटीही बघा. रोहूची दोन्ही पाती सारखी, पॅलिओनिस्कॉइडांत कणा वरच्या पातीत शिरलेला.

जीवाश्म माशाचा की चारपायी प्राण्याचा, याचा निकाल दातावरून मात्र देऊ नका, नवखे इथेच फसतात. आडव्या छेदात दंतिनाच्या (दाताच्या मुख्य कठीण भागाच्या) घड्या दिसतात खऱ्या, पण त्या रायझोडॉन्ट या प्राचीन शिकारी माशांतही असतात आणि सुरुवातीच्या चतुष्पादांत, म्हणजे चारपायी प्राण्यांतही. बोटांची हाडं असतील तर गोष्ट वेगळी, मग तो चतुष्पाद.

आणि कॅनडातल्या जॉगिन्स या कार्बोनिफेरस जीवाश्मस्थळाचे फोटो बघताना जपून. हायलोनोमस हा सरड्यासारखा प्राचीन प्राणी तिथल्या झाडांच्या पोकळ जीवाश्म बुंध्यांत सापडला, पण एकाच बुंध्यात अनेक प्राण्यांची हाडं मिसळलेली असतात. शेजारी पडलेली कवटी आणि पाय एकाचेच, असं धरून चालू नका.