'फ्रायडे वीक' म्हणजे नेमका कोणता शुक्रवार?

प्रश्न असा आला आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघणाऱ्या तरुणाला इंग्लंडच्या ग्राहकाचा मेल आला, बुधवारी, ८ तारखेला. सॅम्पल 'बाय फ्रायडे वीक' हवेत, त्यानंतर 'बायवीकली' रिपोर्ट पाठवा, आणि पहिला लॉट 'इन अ फोर्टनाइट' तयार होईल ना? मालक म्हणाले, म्हणजे सॅम्पल परवाच द्यायचे, लागा कामाला. तरुणाचं विचारणं असं की मालकांचं बरोबर आहे का, फोर्टनाइट चौदा दिवसांचा की पंधरा, आणि ही माणसं सरळ का लिहीत नाहीत?

मालकांची घाई एका आठवड्यानं चुकली. परवाचा शुक्रवार १० तारखेचा. 'फ्रायडे वीक' म्हणजे त्याच्या पुढचा, १७ तारखेचा. ब्रिटिश बोलण्यात वाराला 'वीक' चिकटला की तो वार धरून पुढे आणखी एक आठवडा जायचं. 'टुमॉरो वीक' म्हणजे उद्यापासून आठवड्यानं. अमेरिकेत असं फारसं कुणी म्हणत नाही, त्यामुळे सगळा व्यवहार अमेरिकन ग्राहकांशी झालेला माणूस इथं अडखळला तर नवल नाही.

ग्राहकानं 'नेक्स्ट फ्रायडे' लिहिलं नाही हे मात्र बरं झालं. बुधवारी कुणी 'नेक्स्ट फ्रायडे' म्हणालं तर काही इंग्रजांना १० तारीख ऐकू येते, काहींना १७, आणि दोघेही आपल्या मतावर ठाम असतात. 'नेक्स्ट'चा मूळ अर्थ 'सगळ्यात जवळचा'. त्या हिशेबानं १० तारीख खरी. पण जवळच्या शुक्रवाराला 'धिस फ्रायडे' म्हणायची सोय झाली आणि 'नेक्स्ट' बिचारा पुढच्यावर ढकलला गेला. सगळ्यांच्या तोंडी नाही, म्हणून तर घोळ. आपल्याकडे 'येत्या शुक्रवारी' आणि 'पुढच्या शुक्रवारी' असे दोन खण वेगळे आहेत. येता शुक्रवार वाटेवर निघालेला असतो, त्याबद्दल कुणाला शंका येत नाही. इथं मराठी उजवी आहे असं मी बेधडक म्हणेन.

आता फोर्टनाइट. चौदाच. 'फोर्टीन नाइट्स' आक्रसून तो शब्द झाला. जुने जर्मानिक लोक दिवसांऐवजी रात्री मोजत, हे रोमन इतिहासकार टॅसिटसनं इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या शेवटी टिपून ठेवलं आहे. सात रात्रींचा 'सेनाइट'ही होता, शेक्सपिअरच्या काळी सर्रास चालायचा. तो मेला, फोर्टनाइट जगला. आपला पंधरवडा मात्र दिवसही मोजत नाही आणि रात्रीही नाही, तो तिथी मोजतो. प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत किंवा अमावास्येपर्यंत पंधरा तिथी. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा, म्हणजे त्याचा अर्धा पावणेपंधराच्या आसपास. इंग्रजांचा चौदावर थांबला, आपला पंधरावर चढला.

'आठवडा' हे प्रकरण वेगळं, आणि मला जास्त आवडणारं. दिवस सात असताना आठ कुठून आले? मंगळवारच्या बाजाराला गेलेला माणूस तो मंगळवार एक धरतो, बुधवार दोन, आणि पुढचा मंगळवार बोटावर आठवा येतो. दोन्ही टोकं मोजली. रोमन लोकांचा बाजार दर आठ दिवसांनी भरायचा आणि त्याचं नाव होतं 'नऊ दिवसांचा', अगदी याच हिशेबानं. फ्रेंच माणूस आजही आठवड्याला 'आठ दिवस' आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस' म्हणतो. जर्मन माणूस एकाला आठ दिवस म्हणतो आणि दोनांना चौदा. त्याला कोण समजावणार! आपलं बारसंही असंच. सोमवारी जन्मलेल्या बाळाचा बारावा दिवस पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी येतो, कारण सोमवार हाच पहिला. इंग्रजीत तोच शुक्रवार 'इलेव्हन डेज लेटर' होतो. तिकडे आज म्हणजे शून्य, इकडे आज म्हणजे एक. गंमत अशी की गाण्यात नेमकं उलट झालं. षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत जायला इंग्रजीत 'ऑक्टेव्ह', आठाचा. आणि आपण मात्र सप्तक म्हणतो.

पण तुमच्या कारखान्याचं नुकसान व्हायचं तर ते फोर्टनाइटनं होणार नाही, त्याच्या आधीच्या 'इन'नं होईल. 'इन'चा अर्थ आपण शाळेत 'मध्ये, आत' असा पाठ केला. त्यामुळे 'इन टू वीक्स' वाचलं की डोक्यात 'दोन आठवड्यांत' उमटतं, म्हणजे त्या मुदतीच्या आत कधीही. इंग्रज 'रेडी इन अ फोर्टनाइट' म्हणतो तेव्हा सहसा तो आजपासून चौदा दिवस झाल्यावरच्या दिवसाकडे बोट दाखवत असतो, म्हणजे २२ तारीख, बुधवार. 'आत' म्हणायचं असेल तर तो 'विदिन' लिहील. भूतकाळात पुन्हा वेगळं: 'वी फिनिश्ड इट इन टू वीक्स' म्हणजे सरळ 'दोन आठवड्यांत संपवलं'. तिथं मराठी 'त' आणि इंग्रजी 'इन' यांचं छान जुळतं, आणि म्हणूनच भविष्यकाळात माणूस बेसावध राहतो.

तसंच 'बाय' आणि 'टिल'. आपल्या 'पर्यंत'ला दोन्ही कामं येतात: शुक्रवारपर्यंत पाठवा, शुक्रवारपर्यंत थांबा. इंग्रजीत पाठवायला 'बाय', थांबायला 'टिल'. 'आय विल सेंड टिल फ्रायडे' असं आपल्याकडून सर्रास जातं, आणि समोरच्याला वाटतं की हा माणूस शुक्रवारपर्यंत एकसारखा पाठवतच बसणार आहे.

'बायवीकली'चं उत्तर कोशात शोधू नका. कोशात दोन्ही अर्थ दिलेले असतात, आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा. 'बायमंथली'चीही तीच तऱ्हा. ग्राहकालाच विचारा: 'ट्वाइस अ वीक' की 'एव्हरी टू वीक्स'? यात लाज वाटण्यासारखं काही नाही, खुद्द इंग्रजही विचारतात. मराठी नियतकालिकांनी हा गोंधळ कधी घातला नाही. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला सुरू झालं ते पाक्षिक म्हणून आणि त्याच वर्षी ४ मेपासून साप्ताहिक झालं. आठवड्यातून दोनदा निघालं तर अर्धसाप्ताहिक, दोन महिन्यांतून एकदा निघालं तर द्वैमासिक. संपला विषय.

आता 'सरळ का लिहीत नाहीत'. त्यांच्या मते ते सरळच लिहितात. आपल्या 'परवा'कडे बाहेरच्या माणसाच्या नजरेनं बघा. परवा गेला, परवा येणार. कालच्या मागचा तोच आणि उद्याच्या पुढचाही तोच. शिवाय 'परवाच भेटला होता की' यातला परवा पंधरा दिवसांपूर्वीचाही असू शकतो. तिथं इंग्रज 'द अदर डे' म्हणतो, तोही तितकाच सैल. सोलापुरात राहून हे आणखी लख्ख दिसतं. पूर्व भागातल्या तेलुगू घरात मागच्या परवाला 'मोन्ना' आणि पुढच्या परवाला 'एल्लुंडि'. कन्नड घरात 'मोन्ने' आणि 'नाडिद्दु'. दोन्ही भाषांनी दोन शब्द जपले. त्यांच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहूनही मराठीनं परव्याला फोड घातली नाही. इंग्रजीत कधी काळी 'ओव्हरमॉरो' होता, पुढच्या परवासाठी. तो त्यांनी टाकला आणि आता 'द डे आफ्टर टुमॉरो' अशी मालगाडी ओढतात.

फोनवर बोलताना एक जपा. ब्रिटिश माणूस 'हाफ एट' म्हणाला तर साडेआठ. जर्मन ग्राहक इंग्रजीत बोलताना कधी चुकून आपल्या भाषेतला हिशेब आणतो, आणि जर्मनमध्ये 'अर्धा आठ' म्हणजे साडेसात, आठव्याचा अर्धा. हे विचित्र वाटत असेल तर आपला 'अडीच' तपासा: संस्कृत 'अर्धतृतीय', तिसरा अर्धा. साडेतीनाचा 'औट'ही तसाच, चौथा अर्धा. जुन्या पाठांतरात औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, होती आणि संतांच्या बोलण्यात देह औट हातांचा असतो.

राहता राहिली तारीख हलवण्याची भाषा, कारण ती वेळ तुमच्यावर येणारच. मराठीत मीटिंग 'पुढे ढकलली' म्हणजे लांबली. इंग्रजीत 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे अलीकडे आणली, आणि नुसतं 'मूव्ह फॉरवर्ड' लिहिलं तर तिथल्या लोकांचेही दोन तट पडतात: बुधवारची मीटिंग दोन दिवस 'फॉरवर्ड' गेली तर सोमवार की शुक्रवार? आपण 'प्रीपोन' वापरून यातून सुटलो. शब्द ऑक्सफर्डच्या कोशात आहे, अर्थ स्वच्छ आहे, पण तिकडे तो रुळलेला नाही, तेव्हा मेलमध्ये 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहून पुढे नवी तारीख घाला. आणि त्यांच्याकडून 'पुश बॅक' आलं तर तारीख लांबली असं समजा. त्या दिवशी पॅकिंगवाल्यांना ओव्हरटाइमला बसवू नका.